कुलपाचं तोंड भिंतीकडं

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कोणीतरी माझं कुलूप उघडलं.

लिहून ठेवते, नाहीतं उद्या मलेच वाटन की भास होता. सकाळी मिलमध्ये सळया थंड करायच्या बेडची मोटर कामासाठी बंद घेतली. ब्रेकर ऑफ केला, दांड्यावर माझं लाल कुलूप, खाली माझ्या फोटोची पाटी, 'काम चालू आहे, हात लावू नका'. चावी गळ्यात, दोरीत. टेस्टरनं लाइन मेलेली पाह्यली अन् मगच माझ्या हाताखालच्या दुकालू भैयाले मोटरपाशी बसवलं, डब्याचं झाकण काढून आतले नट कसायले.

जेवून आली तं कुलूप जागेवर, पाटी जागेवर. पण कुलपाचं तोंड भिंतीकडं! मी असं लावतच नाही. चावीचं भोक नेहमी माझ्याकडं. इतक्या वर्षांची हाताची सवय, उलटं लावलं असतं तं हातालेच खटकलं असतं.

मोटरवर तळहात ठेवला. गरम. सकाळपासून बंद असलेली मोटर गरम काहून राहीन? अन् सकाळी बेडवर अडकून पडलेल्या सळया गायब. बेड साफ.

दुकालू भैयाले विचारलं, तू कुठी होता? "मंय तो नल तीर बासी खात रहेंव, मैडम. हाथ निकाल के अभीच्चे गे रहेंव." नळापाशी पाणीभात खायले, हात काढून नुकताच गेला होता म्हणे. नुकताच! माय वो. त्याच्या बोटांकडं पाहत राहिली मी. तो हसून राहिला, त्याले वाटलं भात चिकटला.

१३ सप्टें., शनि.

पांडे साहेबाच्या केबिनमध्ये. प्लांटचा मॅनेजर, पण कुलूप-पाटी म्हणलं की जांभई येते त्याले. "मॅडम, वहम है आपका. ताला तो लगा ही हुआ था ना?" म्हणजे चोर जाताना दार लावून गेला तं चोरी झालीच नाही. मी म्हणलं, सर, मोटर गरम होती. तं म्हणते, सप्टेंबर आहे, सगळंच गरम आहे.

घरी. काल त्या शिफ्टचे इंचार्ज कोण? आमचेच हे. रि.बा., रियाचे बाबा. रोलिंग मिलवर ह्यायचा हुकूम चालतो, ब्रेकरवर माझा, अन् घरी कोणाचाच नाही. जेवताना विचारलं, बेडवरच्या सळया कशा काढल्या?

"क्रेननं."

ताटातून मान वर नाही. झुणक्यात भाकर बुडवून राहिले.

म्हणलं, क्रेन तं पार त्या टोकाले उभी होती. म्हणाले, "तू पाह्यली?" नव्हती पाह्यली. खरं सांगायचं तं त्या दिवशी मी क्रेनकडं पाह्यलंच नाही. मग तेच म्हणाले, "तुले तं सगळ्यांवरच शक. नवऱ्यावर बी."

मी नवऱ्याचं नावच कुठी काढलं होतं? चोराच्या मनात चांदणं.

१७ सप्टें., बुध.

विश्वकर्मा पूजा. मिल बंद. आपण हे काही करत नाही, पण प्रसादाची बुंदी खायले जातो, नाहीतं लोकं म्हणतात मेश्राम लोक वेगळे राहतात. गेली तं टेबलावर पाने, हातोडे, वायरी तपासायचं मेगर, अन् मधोमध माझं लाल कुलूप. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. बाजूले चावी. सकाळी आंघोळीच्या वेळी खिळ्यावर ठेवली होती ती. दोरी न पाहता तशीच निघाली होती मी.

"कोणं आणलं हे?"

रि.बा. म्हणाले, "मी. सगळ्यांची हत्यारं ठेवतात, तुझंच काहून नको? लोकाले बरं वाटते."

मले एक आठवलं. मागल्या वर्षी मी गोंदियाले होती, मायपाशी. तेव्हाही ह्यायनंच ठेवलं होतं. कुलूप अन् चावी दोन्ही, रात्रभर, गावभर हातांमध्ये. बाजारात चावी बनवायले वेळ किती लागते?

सगळ्यांसमोर ओरडली मी. "हे हत्यार नाही, हा माझा जीव आहे, कोणी हात लावायचा नाही!" पांडे हसला. रि.बा. हसले नाही. बुंदीचा द्रोण टेबलावर ठेवला अन् बाहेर गेले.

कुलपाच्या भोकात हळद गेली. टाचणीनं काढून राहिली.

२१ सप्टें., रवि.

रि.बा. ड्युटीवर. रिया ट्यूशनले. घर उलथून पाह्यलं. दुसरी चावी कुठीतरी असनच म्हणून. कूलरच्या वर, पिठाच्या डब्यामागं, ह्यायच्या जुन्या बुटांत. स्वतःचीच लाज वाटली, पण हात थांबत नव्हते. रिया मधातच आली. दारात उभी राहून पाह्यलं. "मम्मी, आप हर चीज़ में डिटेक्टिव बन जाती हो." मी मराठीत विचारते, पोट्टी हिंदीत सुनावते.

काही सापडलं नाही.

मग चिडून खिळ्यावरच्या सगळ्या चाव्या घेतल्या अन् एकएक कुलपात घालून पाह्यली. उगाच. कपाटाची नाही. स्कूटीची तं जातच नाही. मायच्या पेटीची नाही. शेवटी ह्यायच्या प्लांटमधल्या लॉकरची, आज घरीच विसरलेली.

टक्क. उघडलं.

लोण्यासारखं उघडलं. काखेत कळसा अन् गावाले वळसा.

पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. मग डोक्यात पेटलं. खरी सेफ्टीची लाल कुलपं मी मागितली होती, ती महाग म्हणून पांडेनं पास केली नव्हती. स्टोअरवाल्यानं इथूनच, रायपूरच्या गुढियारीच्या ठोक बाजारातून, साधी कुलपं उचलली, अख्खा डबा. मी त्यातली घेऊन मोटरच्या जाळीचा उरलेला लाल रंग मारला, झाली सेफ्टीची. उरलेली स्टोअरनं मिलवाल्यांच्या लॉकरले वाटली. एकाच डब्यातली, एकाच साच्यातली. दोन चाव्यांचे दात एकमेकांपाशी लावून कोणीच पाह्यलं नाही. मीबी नाही.

म्हणजे कोणाले चावी बनवायची गरजच नव्हती. पूजेचा शक खोटा. ह्यायले मी फुकट बोलली.

पण आता ज्याच्याज्याच्या जवळ लॉकर आहे, त्याच्याकडं माझी चावी आहे. त्यात ह्यायच्याही. अन् ह्यायले हे माहीत आहे का?

विचारलं तं म्हणतीन नाही. माहीत असलं तरी नाही, नसलं तरी नाही.

२३ सप्टें., मंगळ.

दुकालू भैयाच्या पेटीचं कुलूप बी त्याच डब्यातलं. त्याच्यासमोरच त्याच्या चावीनं माझं उघडलं. तो डोळे फाडून पाहतच राहिला. "मोर चाबी ले घलो खुलगे!"

मी त्याच्याकडं पाहून राहिली. त्याले समजलं. चेहरा पडला त्याचा. "त मंय काबर खोलहूं, मैडम? भीतरी मा तो महीं रहेंव."

तो काहून उघडन म्हणे, आत तं तोच होता. खरंच. बारा वर्षं माझ्यासोबत काम केलेल्या माणसाले मी असं पाह्यलं. त्याच्यासाठी चहा आणला, त्यानं प्याला, पण बशीत ओतून फुंकर मारत बोलतो तसा बोलला नाही.

त्याले सांगतलं, कोणाजवळ बोलायचं नाही. हव म्हणाला.

सगळ्यांले सांगून कुलपं बदलायले लावायचं, हे बरोबर. माहीत आहे मले. पण मग उघडणारा कोण, हे कधीच समजणार नाही. मले समजून घ्यायचं आहे. यात माझी चूक होऊन राहिली का? असन.

२ ऑक्टो., गुरु.

नागपूर. दीक्षाभूमी. यावर्षी बी आलो, रायपूरवरून गाडी फुल, रिया माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. गर्दी अशी की पाय ठेवायले जागा नाही. रि.बा. पाण्याच्या टाकीपाशी उभे राहिले अन् अनोळखी लोकायच्या बाटल्या भरून देत होते. एका म्हातारीले धरून पायऱ्यांपर्यंत नेलं. ती म्हणे, कोणाचा पोरगा बाप्पा हा, भला आहे.

भला आहे. मी बी तेच म्हणते. कोणाले मारायचं ह्यायच्या मनात येऊच शकत नाही. अन् म्हणूनच मले भेव वाटते. ज्याच्या मनात वाईट नाही तो बिनधास्त उघडते. "दोन मिनिटांचं तं काम, कोणी नाही तिथं," म्हणते अन् उघडते.

परतायच्या आधी इतवारीच्या बाजारात म्हणलं, रियासाठी क्लिपा घेते, तुम्ही इथंच थांबा. क्लिपा घेतल्या. अन् एक पितळेचं कुलूप घेतलं, जड, आत लिव्हरचं. दुकानदाराले दहादा विचारलं, याची चावी दुसऱ्याले लागत नाही ना. तो कंटाळला.

रि.बा.ले सांगतलं नाही. पर्समध्ये क्लिपांखाली ठेवलं.

५ ऑक्टो.

पितळी कुलपाले लाल रंग मारला. वाळलं. जुन्या कुलपावर होता तसाच खिळ्यानं ओरखडा काढला. बाजूबाजूले ठेवलं तं मलेच ओळखू येईना. जुनी चावी खिळ्यावर, नवी गळ्यात.

दुकालू भैयाले म्हणलं, तुझं बी बदलू. दुहेरी कडी लावू, दोघांची दोन कुलपं. म्हणे, "मोर ताला मा कोन हाथ लगाही?" जुनंच ठेवलं. राहू दे म्हणलं, माझं मजबूत आहे तं कडी निघणार नाही.

९ ऑक्टो.

दिवाळीच्या शटडाऊनचं ठरलं. मिलचा मेन ब्रेकर बंद घेऊन अख्खं पॅनल साफ करायचं. आत मी अन् दुकालू.

रि.बा. — "आत तूच जाशील का? दुकालूले पाठव ना."
मी — "काहून?"
"काही नाही. तुझी कंबर..."

दोन महिन्यांत कंबरेबद्दल एक शब्द नाही. आज कंबर आठवली. का खरंच आठवली? आयोडेक्सची बाटली बी आणली आहे. उशीपाशी ठेवून गेले. माणूस चांगला वागला की मले जास्त शक येते, हा काय रोग लागला.

१८ ऑक्टो., शनि. धनतेरस

रात्र खूप झाली. तरी सगळं लिहिते.

सकाळी निघताना रि.बा. म्हणाले, "जेवायले कॅन्टीनले येजो. एक वाजता. वाट पाहतो." दोनदा म्हणाले. गाडीवर बसल्यावर तिसऱ्यांदा.

पांडे सकाळपासून डोक्यावर. मालकाले धनतेरसच्या मुहूर्तावर मिल फिरलेली पाहिजे. मुहूर्तापुरती एकच सळी काढायची, फोटो काढायचा, नारळ फोडायचा, मग खुशाल बंद. मी म्हणलं, काम संध्याकाळपर्यंत चालन, मुहूर्त संध्याकाळचा शोधा. "पंडित मेरे बाप का नौकर है क्या?" म्हणे.

मेन ब्रेकर यार्डाकडच्या खोलीत. बंद केला, हँडल फिरवून मागं ओढला, भोकाची पट्टी लावली, त्यात दुहेरी कडी. एक कुलूप दुकालूचं, एक माझं. जनरेटरची बाजू बी तशीच बंद. इकडं पॅनलवर येऊन टेस्टर आधी चालू बोर्डावर पाह्यला, मग आमच्या पॅनलच्या तांब्याच्या पट्ट्यांवर, मग परत चालू बोर्डावर. टेस्टरच मेलेला असला तं सगळंच मेलेलं वाटते. मग अर्थिंगचे क्लॅम्प लावले, चुकून करंट आला तं जमिनीत जाईन. अन् मगच हात आत.

एकएक ब्रेकर बाहेर काढला. स्प्रिंग सोडून दिली, भरलेल्या स्प्रिंगमध्ये बोट गेलं तं बोट विसरायचं. लोखंडाची काळी भुकटी एवढी निघाली की दुकालू म्हणे, काजर बना के बेचबो. कॉन्टॅक्ट पुसले, ठिणगी विझवायचा एक जळका खोका बदलला. हसतखेळत चालू होतं. तो आता पुन्हा बशीत फुंकर मारत बोलते माझ्याशी.

जेवायचा भोंगा झाला. मी गेली नाही. दुकालूले म्हणलं, तू जा. म्हणे, तंय नइ जाबे त महूं नइ जांव. तोबी गेला नाही, दोघंही पॅनलच्या मागं, खाली बसून, कोपरापर्यंत आत. बाहेरून पाह्यलं तं खोली रिकामीच दिसली असन.

काम संपलं. क्लॅम्प काढले, माणसं मोजली, तो अन् मी. मग कुलपं काढायले यार्डाकडच्या खोलीत गेलो.

दुकालूचं कुलूप उघडं लटकून होतं.

माझं लागलेलं होतं. तोंड माझ्याकडंच. चावी घातली तं जाईना. वाकून पाह्यलं. भोकात चावीचा तुकडा. मोडलेला, आतच राहिलेला. कोणीतरी आधी त्याचं उघडलं, मग त्याच चावीनं माझं उघडायले गेलं, उघडना म्हणून जोर लावला.

दुकालू खालीच बसला, जमिनीवर. माझ्या मनात एकच. इतवारीत त्या दिवशी क्लिपाच घेऊन परतली असती तं? आमच्या अर्थिंगनं वाचवलं असतं कदाचित. कदाचित! अन् तोंडासमोर धमाका झाला असता तो वेगळा. रियाचे डोळे दिसले मले. मी ओरडली, कोणावर ते माहीत नाही, नुसती ओरडली.

लोकं धावून आले. पांडे म्हणे, ताला काटो, मुहूर्त निकल रहा है. मी म्हणलं, कुलूप माझं आहे, माझ्या डोळ्यांसमोरच कापलं जाईन. तेवढ्यात रि.बा. आरी घेऊन आले. "हट, मी कापतो." कपाळावर घाम. कापताना एकदा थांबले, कुलपाकडं पाह्यलं, मग माझ्याकडं. पुन्हा आरी चालवली.

कापलेलं कुलूप मी ओढणीत गुंडाळून घेतलं. नारळ फुटला. सळी निघाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

१९ ऑक्टो., रवि.

पांडेले सांगतलं, लॉकर असलेल्या प्रत्येकाची चावी आत्ता, माझ्यासमोर. म्हणे दिवाळीनंतर. मी म्हणलं, दिवाळीनंतर सगळ्यांच्या चाव्या चांगल्या होतीन. म्हणे, मॅडम, घर की बात घर में रखो. कोणाच्या घरची बात?

सगळ्या मिलमध्ये आता सांगून टाकलं, कुलपं एकाच चावीची आहेत. आधीच सांगायले पाहिजे होतं.

घरी आली तं रि.बा.च्या गुच्छात लॉकरची चावी नाही. विचारलं.

"हरवली."

"कधी?"

"काय माहीत. लॉकर हातोड्यानं फोडला काल."

काल. बरोबर कालच.

मग तेच बोलले, हळू. "कापताना आतून पितळ दिसलं. तू कुलूप बदललं. रंग मारून, जुन्यासारखं करून. मले काहून नाही सांगतलं?"

मी गुच्छ परत खिळ्यावर टांगला.

"कॅन्टीनले मी वाट पाहत बसलो. दोन ताटं घेऊन. तू आली नाही."

बसले होते का? दोन ताटं होती का? कोणाले विचारू? विचारलं की अख्ख्या प्लांटले समजन, मेश्राम मॅडम नवऱ्याची चौकशी करून राहिली. अन् खरंच बसले असतीन तं मी काय तोंड दाखवू? अन् मी कॅन्टीनले असणार हे पक्कं ठाऊक असलेला माणूस एकच, वाट पाहणारा. तोच बोलावणारा.

ते रडले. मी पंधरा वर्षांत पाह्यलं नव्हतं. भेवानं रडले की माझ्या शकानं, समजलं नाही. मीबी रडली.

२० ऑक्टो., सोम.

सुट्टी. सकाळी कापलेल्या कुलपातून टाचणीनं तुकडा काढला. चावीचं टोक, दोन दात. मेथीच्या डब्यात ठेवला. बाकीचा अर्धा ज्याच्याजवळ आहे तोच तो माणूस. पाच-सहा लोकायपाशी त्या डब्यातली कुलपं होती. पाच-सहांपैकी कोणीही असू शकते. कोणीही.

रिया गेटवर दिवे लावायची तयारी करून राहिली. रि.बा.नं सकाळीच तिच्यासाठी चकल्या आणल्या. मले म्हणाले, "आज तुझी सुट्टी. कपडे मी भिजवतो."

लग्न झाल्यापासून ह्यायच्या पॅन्टचे खिसे मीच तपासते. भिजवायच्या आधी. सुट्टे, बिल, तंबाखूची पुडी, एकदा रियाचा दात. रोजची सवय, कुलपाच्या तोंडासारखी. आज ह्यायनं ड्युटीची पॅन्ट स्वतः बादलीत टाकली, साबण टाकला, अन् आंघोळीले गेले.

बाथरूममध्ये पाण्याचा आवाज येऊन राहिला. गाणं म्हणून राहिले, हळू. बादली मोरीत आहे, माझ्या पायापाशी. वरपर्यंत फेस. तळ दिसत नाही.

बाही वर केली आहे. अजून हात घातला नाही.